गोष्ट नसलेला बॅले पाहायचा तरी कसा?

प्रश्न: मी साठीची आहे. लहानपणी कथक शिकले, पुण्यात अजूनही चांगला कार्यक्रम सोडत नाही. सध्या मुलीकडे न्यू जर्सीला आले आहे. तिने न्यूयॉर्क सिटी बॅलेची तिकिटं काढली आहेत. एका संध्याकाळी तीन छोटे बॅले: सेरेनेड, कॉन्चेर्टो बारोको आणि ॲगॉन. तिन्हींत गोष्ट नाही म्हणे. मग त्यात बघायचं काय? आणि यात ‘अमेरिकन’ असं काय असतं?

उत्तर:

ताई, आधी मीच तुम्हाला विचारते. कथकच्या कार्यक्रमात नर्तकी तीनतालात आमद करते, तोडे-परण मांडते, तिहाई घेऊन नेमकी समेवर येते, तेव्हा शेजारच्या बाईंना तुम्ही कधी ‘यात गोष्ट काय होती हो?’ असं विचारलंय का? गोष्ट लागते ती गतभावाला, म्हणजे अभिनयाच्या भागाला. नृत्ताला, म्हणजे नुसत्या लयीच्या शुद्ध नाचाला, ती लागत नाही, आणि तुम्ही जे पाहायला निघाला आहात ते जवळपास सगळं नृत्तच आहे. त्यामुळे हंसांच्या आणि राजपुत्रांच्या गोष्टी पाहत बॅलेकडे वळलेल्या इथल्या कित्येकांपेक्षा तुमची तयारी जास्त आहे, असं मी बेधडक म्हणेन.

बॅले म्हटल्यावर आपल्याला गोष्ट हवीशी वाटते, त्यालाही कारण आहे. आपल्याकडे हा प्रकार नृत्यनाट्याच्या रूपात रुजला. मादाम मेनकांनी कथकच्या आधाराने नृत्यनाट्यं बसवली, खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. पुढे १९५२ मध्ये मुंबईत शांती बर्धन यांचा लिटल बॅले ट्रूप उभा राहिला आणि त्यांचं कळसूत्री बाहुल्यांच्या ढंगातलं रामायण गाजलं. रशियातला जुना बॅलेही कथेवरच पोसलेला. ती कथा बाजूला ठेवून पूर्ण संध्याकाळ नुसत्या नृत्तावर उभी करता येते, हे अमेरिकेत प्रामुख्याने एका माणसाने पटवून दिलं, आणि तुमचे तिन्ही बॅले त्याचेच आहेत.

जॉर्ज बॅलन्चीन. जन्म १९०४, सेंट पीटर्सबर्ग. वडील जॉर्जियन संगीतकार. मुलगा झारच्या नृत्यशाळेत वाढला आणि पियानोही रीतसर शिकला. १९२४ मध्ये त्याने रशिया सोडला, काही वर्षं युरोपात काढली, आणि १९३३ मध्ये लिंकन कर्स्टीन नावाच्या बोस्टनच्या सधन घरातल्या तरुणाने त्याला न्यूयॉर्कला आणलं. कंपनी काढायची तर आधी शाळा हवी, ही त्याची अट. १९३४ च्या जानेवारीत शाळा सुरू झाली. न्यूयॉर्क सिटी बॅले हे नाव यायला मात्र १९४८ उजाडावं लागलं. त्याच्याबद्दल तुम्हाला पटकन पटेल अशी गोष्ट म्हणजे तो ऑर्केस्ट्राची स्वरलिपी स्वतः वाचायचा आणि पियानोवर वाजवता यावी म्हणून स्वतः उतरवून काढायचा. तबला हातात असलेले गुरू आणि नसलेले गुरू यांच्या बंदिशींत काय फरक पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

सेरेनेड त्याने अमेरिकेत केलेला पहिला बॅले, चायकोव्हस्कीच्या तंतुवाद्यांसाठीच्या रचनेवर. शाळेतल्या मुलींना रंगमंचावर वावरायला शिकवावं म्हणून त्याने तो बसवायला घेतला. पहिल्या दिवशी १७ मुली आल्या, तर १७ जणींची रचना केली. एक मुलगी तालमीला उशिरा आली, ते उशिरा येणं ठेवून दिलं. एक जण पडली, ते पडणंही ठेवलं. १९३४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्सला एका श्रीमंताच्या बागेत त्याचा पहिला प्रयोग विद्यार्थ्यांनीच केला. पडदा उघडतो तेव्हा १७ जणी उजवा हात तिरका वर धरून उभ्या असतात, तळवा बाहेर, डोळ्यांवर येणारा उजेड अडवावा तसा. पावलं समांतर, तुम्हीआम्ही उभ्या राहतो तशी. मग हात सावकाश खाली येतात आणि एका क्षणी सगळ्यांची पावलं एकदम बाहेरच्या बाजूला उघडतात. एवढंच. खुब्यातून पाय बाहेर वळवणं हा बॅलेचा पायाच आहे; म्हणजे साध्या बायकांच्या नर्तिका होतात त्या तुमच्या डोळ्यांदेखत. तो क्षण हुकवू नका. उशिरा पोचलात तर दाराबाहेर उभं करतात, आणि ट्रेनचा काही भरवसा नसतो, म्हणून एक गाडी आधीची धरा.

खरी मजा दुसऱ्या बॅलेत आहे. त्यासाठी घरी थोडा अभ्यास करून जा: बाखचा दोन व्हायोलिनांचा डी मायनर कॉन्चेर्टो, सुमारे पंधरा मिनिटांचा, यूट्यूबवर हवा तेवढा सापडेल. दोनदा ऐका. आपल्या जुगलबंदीत एकाचं झाल्यावर दुसरा उत्तर देतो. इथे तसं नाही. पहिल्या व्हायोलिनने सुरू केलेलं वाक्य दुसरं व्हायोलिन थोड्या वेळाने उचलतं आणि तेवढ्यात पहिलं पुढे निघूनही गेलेलं असतं. कॉन्चेर्टो बारोको (१९४१) मध्ये दोन मुख्य नर्तिका म्हणजे ढोबळमानाने ही दोन व्हायोलिनं, आणि मागच्या आठ जणी म्हणजे बाकीचा वाद्यवृंद. सुरुवातीला या बॅलेला भरजरी पोशाख आणि नेपथ्य होतं. १९५१ पासून ते काढून टाकलं. ते गेलं हे बरंच झालं.

एक गंमत लक्षात ठेवा. त्या आठ जणी मागची सजावट नाहीत. मुख्य जोडी स्थिर असते तेव्हा त्यांच्यात काय चाललंय ते पाहा. सुरांची दुसरी ओळ बहुतेक वेळा तिथे दडलेली असते. संथ भागात एकच पुरुष येतो आणि मुख्य नर्तिकेला उचलून, वळवून, पुन्हा जमिनीशी आणून सोडतो. त्याचं स्वतःचं नाचणं जवळजवळ नाहीच. सूर चढत जातो तशी ती वर जाते आणि ओसरतो तशी खाली येते, पण कुठेही सुराची नक्कल केल्यासारखं वाटत नाही, हे कसं साधलंय ते मला इतक्यांदा पाहूनही सांगता येत नाही. तिसऱ्या भागात पायांकडे बघा. बोटांच्या टोकांवर उड्या, आणि त्या पडतात मात्रेवर नाही तर दोन मात्रांच्या फटीत. हे तुम्हाला कुणी समजावून द्यायची गरज पडणार नाही. मांडीवर हात आपोआप टाळी धरू लागेल.

आता जमलं तर याच बाखवरचं दुसरं नृत्य मिळवून पाहा: पॉल टेलरचं एस्प्लनेड, १९७५ मधलं. बाखचा ई मेजर व्हायोलिन कॉन्चेर्टो आणि त्यानंतर याच डी मायनर कॉन्चेर्टोचे शेवटचे दोन भाग. टेलर बॅलेचा माणूस नव्हे, तो मार्था ग्रॅहमच्या कंपनीतून आलेला आधुनिक नृत्यवाला. पण १९५९ मध्ये बॅलन्चीनने त्याच्यावर एक सोलो बसवला होता, म्हणजे दोघांची गाठ पडलेली होती. एस्प्लनेडमध्ये नाचाची म्हणून ओळखावी अशी एकही पायरी नाही. चालणं, धावणं, उडी मारणं, घसरणं, पडणं. बस पकडायला धावणाऱ्या एका मुलीवरून त्याला हे सुचलं म्हणतात. बारोकोत ज्या संथ भागावर ती बाई हवेत तरंगते, त्याच भागावर इथे एक जण जमिनीवर आडवा होतो आणि ती त्याच्या अंगावर पाऊल टाकते, अलगद. शेवटच्या भागात तर सगळे जमिनीवर अक्षरशः अंग झोकून देतात, घसरत जातात, उठतात, पुन्हा धावतात. तेच स्वर, पण एकाने त्यात गणित पाहिलं आणि दुसऱ्याने माणसांचा कळप. मला विचाराल तर पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं ते बारोको. पण गुरुत्वाकर्षण नावाची काही चीज आहे आणि बॅले ती रात्रभर लपवत असतो, हे मला एस्प्लनेडमुळे कळलं.

या लपवण्याचा तुम्हाला थोडा त्रास होईल, तोही आधीच सांगते. आपलं पाऊल पडतं ते ऐकू यावं म्हणूनच. घुंगरू नसले तरी तत्काराला आवाज हवा. बॅलेत आवाज हा दोष. नर्तिका नवे पॉइंटचे (बोटांच्या टोकांवर उभं राहण्याचे) बूट आपटून, ठोकून मऊ करतात ते त्यांचा टकटकाट कमी व्हावा म्हणूनही. पायातून नाद काढणारं अमेरिकन नृत्य हवं असेल तर टॅप शोधा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची लय आणि आयरिश स्थलांतरितांचं पदलालित्य यांच्या भेटीतून ते घडलं. दोन टॅप नर्तक आळीपाळीने चार-चार मापं घेऊ लागले की थेट सवाल-जवाब. पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी दोन्ही एकत्र आणून बरेच कार्यक्रम केले, त्याच्या चित्रफिती आहेत. त्या पाहिल्यावर मी वर काय म्हणतेय ते लगेच पटेल.

आता ‘अमेरिकन काय’ या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. माझं उत्तर तिसऱ्या बॅलेत आहे. ॲगॉन, १९५७, संगीत स्ट्राविन्स्कीचं, १२ नर्तक, सरावाचे काळे-पांढरे कपडे. सुरुवातीला चार पुरुष आपल्याकडे पाठ करून उभे असतात. सम शोधायला जाऊ नका, दमाल. मोजणी सारखी मोडते आणि नर्तकही मनात आकडे मोजत असतात. कंबर एका बाजूला सटकते, गुडघा आत वळतो, पाऊल टाचेवर येतं. हे पीटर्सबर्गचं नाही. बॅलन्चीनने ब्रॉडवेवर आणि हॉलिवूडमध्ये भरपूर काम केलं होतं, निकोलस बंधूंसारख्या कृष्णवर्णीय टॅप नर्तकांबरोबर आणि नृत्यदिग्दर्शिका कॅथरीन डनहॅमबरोबरही. जॅझचा तो झोक त्याने उचलला आणि झारच्या शाळेतल्या शिस्तीत बसवला. वेग अमेरिकन, तिरकसपणा कृष्णवर्णीयांकडून आलेला, आणि व्याकरण रशियन.

ॲगॉनमधलं युगुलनृत्य त्याने डायना ॲडम्स आणि आर्थर मिचेल यांच्यावर बसवलं. ती गोरी, तो कृष्णवर्णीय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिणेतल्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत शिरता यावं म्हणून सैन्य पाठवावं लागलं होतं, आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर हे दोघं एकमेकांत गुंतलेले. एका जागी तो चक्क पाठीवर आडवा पडून तिचा तोल सांभाळतो. कथा नाही म्हणता म्हणता इथे केवढं काय सांगून होतं! पुढे १९६९ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरच्या वर्षी, मिचेलने कारेल शूकच्या साथीने डान्स थिएटर ऑफ हार्लेम काढलं.

बॅलन्चीनची भक्ती करा असं मात्र मी सांगणार नाही. लांब पाय, लहान डोकं, हाडं दिसतील इतकी सडपातळ अंगकाठी हा त्याने रूढ केलेला साचा मुलींच्या दोन-तीन पिढ्यांना फार महागात पडला. ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’सारखी त्याची झेंडेबाज करमणूक मला एकदा पाहून पुरली.

बॅलेच्या बाहेरच्या अमेरिकन नृत्याचं मूळ तर आणखी मजेशीर आहे. रूथ सेंट डेनिस या बाईंनी १९०६ मध्ये ‘राधा’ नावाचं नृत्य केलं. संगीत फ्रेंच ऑपेरातलं, आणि ही राधा कुठे, तर जैन मंदिरात! हसा खुशाल. पण त्यांच्याच शाळेत मार्था ग्रॅहम शिकली, आणि ती सगळी पौर्वात्य सजावट झटकून तिने पोटाच्या आकुंचन-प्रसरणातून नवं तंत्र उभं केलं. १९३० चं तिचं ‘लॅमेंटेशन’ यूट्यूबवर पाहा: बाकावर बसलेली, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत गुरफटलेली एक बाई, नुसता शोक. आपल्या करुण रसाला नवी मांडणी मिळाल्यासारखं वाटतं. रूथबाईंचे पती टेड शॉन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये शेत घेऊन ‘जेकब्ज पिलो’ हे नृत्यकेंद्र सुरू केलं, आणि १९६२ मध्ये तिथेच भरतनाट्यमच्या बालासरस्वती नाचल्या. जैन मंदिरातल्या राधेपासून बालासरस्वतींपर्यंत यायला अमेरिकेला छप्पन्न वर्षं लागली.

जागेबद्दल: मुलीने महागडी पुढची तिकिटं काढली नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे बैठकीला जितकं जवळ तितकं बरं, इथे उलट. लिंकन सेंटरच्या त्या थिएटरात वरच्या चौथ्या मजल्यावरून सेरेनेडमधल्या आकृत्या जशा उलगडतात तशा खालून दिसतच नाहीत. दुर्बीण असेल तर न्या, पण डोळ्याला लावून बसू नका. ऑर्केस्ट्रा खराखुरा वाजतो. दाद मात्र आवरावी लागेल: तिहाई जमल्यासारखं काही दिसलं तरी ‘क्या बात है’ तोंडून निघू देऊ नका, टाळ्या भाग संपल्यावरच. शेजारी वळून बघतात.

डिसेंबरपर्यंत मुक्काम असेल तर ५५ व्या रस्त्यावरच्या सिटी सेंटरला ॲल्विन एली कंपनीचं ‘रेव्हलेशन्स’ (१९६०) पाहायला मुलीला घेऊन जा. टेक्सासमधल्या लहानपणच्या चर्चच्या आठवणींतून एलीने ते रचलं. शेवटच्या भागात पिवळे झगे घातलेल्या, हातात पंखे घेतलेल्या बायका येतात, प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरतात, आणि बहुधा तो तुकडा पुन्हा करून दाखवतात. तिथे तुम्ही तोंडाने दाद दिलीत तरी कुणी वळून पाहणार नाही.