हापूस विकायची वेबसाइट गुगलवर वर आणायला महिन्याला पैसे देऊन 'पहिल्या पानाची गॅरंटी' घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की देवगडचा स्वतःच्या बागेतला हापूस थेट गिऱ्हाईकाला विकता, वेबसाइट होऊन वर्ष झालं पण गुगलवर कुठेच दिसत नाही, आणि आता एक जण दर महिन्याला १५ हजार घेऊन पहिल्या पानाची गॅरंटी देतोय. मी छोट्या धंदेवाल्यांच्या साइटचं हेच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो, आत्ता एक रुपयाही देऊ नका. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. गॅरंटीवाले बहुतेक वेळा तुमच्या बागेचंच नाव टाकून 'बघा, पहिला नंबर' असं दाखवतात, पण ज्याला तुमचं नाव माहीत आहे तो तुम्हाला फोन करेलच की, ज्याला नाव माहीत नाही तो तुमच्यापर्यंत आला पाहिजे.

वर येणं नंतर, आधी गुगलला तुमची साइट माहीत आहे का ते बघा. सर्चमध्ये इंग्रजीत 'साइट' लिहा, पुढे कोलन, आणि मध्ये जागा न सोडता तुमचा डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता). एकही पान आलं नाही तर प्रॉब्लेम रँकिंगचा, म्हणजे किती वर दिसता त्याचा नाहीये, तुमचं पान बहुतेक गुगलच्या यादीतच नाही. वर्डप्रेसवर साइट असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा, तिथे सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये अशा अर्थाची एक टिकमार्क असते. साइट बनवताना डेव्हलपर ती लावून ठेवतात आणि काढायचं राहून जातं, हे मी फार ठिकाणी बघितलंय. टिक काढा, मग सर्च कन्सोलवर साइट जोडा (तुमची साइट गुगलवर कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन आहे, फुकट आहे), साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या आणि मुख्य पानांचे पत्ते एकेक करून तिथल्याच यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून बघा. पान घेतलं नसेल तर का नाही घेतलं त्याचं कारण तिथेच लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडे फार होते आणि इंग्रजी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी नाहीतर कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असतं, तो मजकूर वेबसाइटवर टाकला की अक्षरांची खिचडी होते, कारण कृतिदेवमध्ये दिसतो 'आंबा' पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं असतात, व्ही, के, ए, सी, के. मग वेबसाइटवाला सोपा मार्ग काढतो, सगळ्या माहितीचा फोटो करून चिकटवतो. माणसाला झकास वाचता येतं पण गुगलच्या हाती वाचायला जवळजवळ काहीच लागत नाही, फोटोतल्या मजकुरावर भरवसा ठेवून चालत नाही. तपासायचं सोपं आहे, तुमच्या पानावरचं एखादं वाक्य सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. सिलेक्टच होत नसेल किंवा भलतंच काही उमटलं तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये (यात कॉम्प्युटरच्या लेखीही मराठी अक्षरं मराठीच असतात) परत टाईप करून घ्या. या एका कामाने जितका फरक पडतो तितका कुठल्याही पॅकेजने पडत नाही.

आता पानावर लिहायचं काय? सीझनमध्ये फोनवर लोक जे विचारतात तेच. पाच डझनाच्या पेटीतलं फळ किती ग्रॅमचं असतं, आंबा कच्चा पाठवता की पिकलेला, पुण्याला किती दिवसांत पोचतो, घरी गवतात किती दिवस ठेवायचा, कार्बाइड वापरता का, आत साका (गराचा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) निघाला तर बदलून देता का. साक्याच्या प्रश्नाला बहुतेक विक्रेते उत्तरच देत नाहीत. तुम्ही द्या, कापलेल्या फळाचा फोटो टाकून सांगा की बाहेरून तो ओळखू येत नाही आणि असं फळ निघालं तर तुम्ही काय करता. 'अस्सल, दर्जेदार, चविष्ट' हे शब्द हजार साइटवर आहेत, ही माहिती बागवालाच देऊ शकतो. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तो नंबरही पानावर टाका.

लोक शोधताना मराठीत लिहितात, इंग्रजीत लिहितात आणि इंग्रजी अक्षरांत मराठीही लिहितात. तेव्हा मराठीचं पान वेगळं, इंग्रजीचं वेगळं ठेवा आणि दोन्ही एकमेकांना लिंक करा. आणि कोणी 'कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी) भरून देतो' म्हणालं तर हसून सोडून द्या, गुगल तो टॅग रँकिंगसाठी बघत नाही हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय. हजार बॅकलिंकांच्या (दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका) पॅकेजचंही तेच, २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून (गुगलने सर्चच्या पद्धतीत केलेला बदल) गुगल विकतच्या लिंकांच्या मागे लागलंय, एक तर त्या धरल्या जात नाहीत नाहीतर साइटवर कारवाई होते. त्यापेक्षा जी सोसायटी दर वर्षी तुमच्याकडून एकत्र पेट्या मागवते तिची साइट असेल तर तिथे तुमचं नाव आलं तर ती खरी लिंक.

फोटो हलके करा, कॅमेऱ्यातला ५ एमबीचा फोटो जसाच्या तसा टाकू नका. पानावरची मुख्य गोष्ट मोबाइलवर अडीच सेकंदांत दिसली पाहिजे, पेजस्पीड इन्साइट्स या गुगलच्या वेग तपासायच्या साधनात ते कळतं. गुगल बिझनेस प्रोफाइलही (गुगल नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद) करा, पण नकाशावरच्या निकालात शोधणारा किती लांब आहे हेही मोजलं जातं, त्यामुळे देवगडच्या पत्त्यावर पुण्यातलं गिऱ्हाईक नकाशातून फारसं येणार नाही. रिव्ह्यू मागा, पण रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, ते नियमात बसत नाही.

आंबेवाल्यांनी एक मात्र नक्की पाळावं. सीझन संपला की बुकिंगचं पान डिलीट करायचं आणि पुढच्या वर्षी नवीन काढायचं असं करू नका, पानाने वर्षभरात जे कमावलं ते सगळं जातं. पानाच्या वेब-पत्त्यात साल न घालता एकच पान ठेवा, जूनमध्ये 'या वर्षीचा सीझन संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा' एवढं बदला, आणि मोहोर आला की तिथेच फोटो टाकायला लागा. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतो, म्हणजे या एप्रिलची मागच्या एप्रिलशी तुलना करता येते, कोणत्या शब्दांवर लोकांना दिसलात आणि कोणत्या शब्दांवर क्लिक आले ते कळतं. आंब्याच्या धंद्यात महिन्या-महिन्याच्या आकड्यांना अर्थ नाही, सीझनला सीझन लावूनच बघायचं.

वेळ लागेल. गुगल स्वतः सांगतं की अशा कामाचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष जातं, म्हणून मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा दिवाळीच्या आसपास सुरुवात करा. आणि हे सगळं करूनही माणूस नेमायचाच असेल तर खुशाल नेमा, पण डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर हवा, सर्च कन्सोलचे मालक तुम्ही, त्याला फक्त युजर म्हणून जोडा, आणि दर महिन्याला कोणत्या पानावर काय बदललं ते लेखी मागा. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असला तर भांडण झाल्यावर साइट परत मिळवणं फार कठीण जातं, तेव्हा हे आजच तपासा.