अडतीस मतं आणि एकोणचाळिसावं

पत्र (थोडक्यात): माझ्या मुलीनं स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. सीजीपीए ८.१. आता एका सरकारी विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात तिला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळतोय. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, चौकशी केल्याशिवाय सही करत नाही. भाच्याच्या ओळखीतून त्या विद्यापीठातल्या आजी-माजी ३८ मुलांना फोन केले, तिथल्या शिकवण्याबद्दल आणि प्राध्यापकांबद्दल विचारलं, तक्ता सोबत जोडलाय. मतं चांगली नाहीत. एका खासगी विद्यापीठात डेटा सायन्सची फी वर्षाला साडेतीन लाख आहे, पण तिथल्या प्रवेश कार्यालयानं दिलेल्या नंबरांवर २१ जणांशी बोललो, एकवीसच्या एकवीस समाधानी. कर्ज काढायची तयारी आहे. मुलगी ऐकत नाही. तिला तुम्ही समजावावं.
– एक वडील

नमस्कार.

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. पट्टीनं आखलेल्या रेघा, लाल शाईत बेरीज, बेरजेखाली दुहेरी रेघ. नोट्स देत नाहीत: ११. निकाल उशिरा लागतो: ९. मेस आणि वसतिगृह वाईट: ७. शिकवणारे सर सारखे बदलतात: ६. चांगलं आहे: ५. एकूण ३८. हिशेब चोख आहे.

पण माझी नजर अडकली ती कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात. तिथं पेन्सिलीनं, वेगळ्याच बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलंय, 'बोलले ३८. न बोललेले किती?' नंतर पुसलंय, पण झेरॉक्सला पुसट उमटलंय. हे अक्षर तुमच्या लेकीचं असणार. चार पानी पत्रात तिची स्वतःची म्हणावी अशी ही एकच ओळ, आणि तीही खोडलेली. बाकी सगळ्या पत्रात ती फक्त 'ऐकत नाही'.

काका, तिनं उद्धटपणा केलेला नाही. तीन वर्षं जे शिकली ते तिनं तुमच्या कागदाला लावून पाहिलं. ओळखीच्या साखळीतून माणसं गाठली की एकाच कंपूतली माणसं मिळतात. पहिल्यानं तक्रार केली तर तो पुढचा नंबर तक्रार करणाऱ्याचाच देतो. ज्याचं बरं चाललंय तो अनोळखी माणसाला फोनवर दोन मिनिटांत 'ठीक आहे' म्हणून ठेवून देतो, आणि तुम्ही ते कुठल्याच रकान्यात टाकत नाही. आणि ते एकवीस? प्रवेश कार्यालयानं हातात दिलेले नंबर! मुलगी दाखवताना स्थळवाल्यांना कुणी भांडखोर आत्येचा नंबर देतं का? दोनशे जणांच्या कॉलेजात एकाचंही मेसबद्दल वाकडं मत नसेल, तर तिथं पोरं जेवतात की नाही हे आधी विचारा.

आता तक्त्याकडे. 'निकाल उशिरा'चे ९ मी सरळ बाजूला काढते. आपल्याकडे 'विद्यापीठ' या एका शब्दाच्या पोटात चार वेगळ्या वस्तू असतात. पुण्याचं विद्यापीठ घ्या. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतली शेकडो संलग्न कॉलेजं, गणेशखिंडीतल्या आवारातले पदव्युत्तर विभाग, परीक्षा विभाग आणि वसतिगृहं, सगळ्यांना लोक एकच नाव घेतात. एवढ्या पसाऱ्यात बी.कॉम.चा निकाल अडकला की शिव्या पडतात आवारातल्या प्राध्यापकाला, ज्याचा त्या निकालाशी काडीचा संबंध नसतो. मुंबई विद्यापीठानं २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा घाट घातला, निकाल काही महिने लांबले आणि कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. त्या वर्षी कुठल्याही विद्यार्थ्याला प्राध्यापकांबद्दल विचारलं असतं तरी उत्तर निकालाचंच आलं असतं. पदव्युत्तर विभागांत बऱ्याच ठिकाणी जे शिकवतात तेच पेपर काढतात आणि तेच तपासतात. तुमच्या नऊ जणांपैकी किती जण आवारातल्या विभागात शिकले आणि किती जण संलग्न कॉलेजात, हा रकाना तक्त्यात नाही. मेसचे ७ हे मेसचे आहेत. डबा लावता येतो.

'नोट्स देत नाहीत: ११' याच्यापुढे मात्र तुम्ही लाल शाईत फुली मारलीये, म्हणून इथं थांबते. नोट्स देणारे सर चांगले आणि फळ्यावर सिद्धता अर्ध्यात सोडून 'उरलेलं उद्या तुम्ही मला दाखवा' म्हणणारे वाईट, हा समज पालकांचाच नाही, मुलांचाही आहे. मी स्वतः काही वर्षं एका कॉलेजात शिकवलं. सत्र संपताना अभिप्रायाचे फॉर्म यायचे. वर्गाचा प्रतिनिधी ते गठ्ठ्यानं एकाच पेनानं भरायचा, ही गोष्ट वेगळीच. पण जे मनापासून भरले जायचे त्यांत मला सगळ्यात वाईट शेरे मिळाले ते ज्या वर्षी मी डिक्टेशन बंद केलं त्या वर्षी. हे माझं रडगाणं म्हणून सोडून द्या, पण याच गोष्टीवर अमेरिकेत पक्कं काम झालंय. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले जातात. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या दोघांनी दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे गुण तपासले आणि २०१० साली निष्कर्ष छापले. ज्या प्राध्यापकांची मुलं त्या सत्रात चांगले गुण मिळवत आणि प्राध्यापकांना खुशीचे अभिप्राय देत, तीच मुलं पुढच्या गणिताच्या विषयांत सरासरीनं मागं पडत. ज्यांना कमी पसंती होती, त्या अनुभवी प्राध्यापकांची मुलं पुढे सरस ठरत. म्हणजे विद्यार्थ्याचं मत खोटं नसतं, ते फक्त त्या सत्रापुरतं असतं. सर आवडले की नाही हे मुलगा खरंच सांगतो. सरांनी काय दिलं हे त्याला दोन वर्षांनी कळतं, आणि तेव्हा त्याला फोन करायला कुणी जात नाही. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला प्रॉबॅबिलिटी आणि इन्फरन्स (थोड्या नमुन्यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणं) तयार नोट्सवर शिकलेली मुलं मी पाहिलीत. मुलाखतीत डेटा थोडा वाकडा दिला की गप्प बसतात. तुमच्या अकरांतल्या निदान चौघांना मी भरपूर शाबासकी द्यावी असे प्राध्यापक मिळालेत, असं मला वाटतं.

सगळ्यात जड मी धरते ते 'सर सारखे बदलतात' म्हणणारे ६. हे खरं आहे, आणि ही लाज सरकारची आहे. आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि गाडा ओढतात ते कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे लोक. नेट-सेट, पीएच.डी. झालेला माणूस तासावर पैसे घेतो. नेमणुकीचा आदेश उशिरा येतो, वर्ष संपलं की पुन्हा मुलाखत. जुलैत ज्यांनी विषय सुरू केला ते जानेवारीत दुसरीकडे गेले तर मुलं 'सर बदलले' म्हणणारच. तेव्हा विभागात जाऊन हे एकच नीट विचारायचं: तुमच्याकडे कायम किती, कंत्राटी किती, आणि दुसऱ्या वर्षाचं प्रोजेक्ट कोण घेतं? सहा विषयांना एकच कायम माणूस असेल तर मी पण तुमच्या बाजूला येईन.

आता चौथ्या पानाबद्दल. तुम्ही ते घाईत लिहिलंय, अक्षर तिरकं झालंय. '१९९४ साली याच विद्यापीठानं माझा टी.वाय.चा निकाल राखून ठेवला. सहा खेपा घातल्या, एसटीनं. शेवटी कळलं एका पेपरचे गुण चढवायचे राहिले होते. तोवर बँकेच्या नोकरीची तारीख गेली.' आणि पुढच्याच ओळीत 'असो. मुलीला तुम्ही समजावावं.'

असो कसं म्हणता? तुमच्या तक्त्यातलं एकोणचाळिसावं मत हे आहे, आणि त्याचं वजन अडतिसांपेक्षा जास्त आहे. तुमच्यावर अन्याय झाला. कुणाच्या तरी आळसानं तुमची बँकेची नोकरी हुकली, आणि त्यानंतर तीस वर्षं तुम्ही पतसंस्थेत दुसऱ्यांचे हिशेब चुकू दिले नाहीत. ज्या खिडकीवर तुम्ही सहा वेळा उभे राहिलात, तिथं लेकीनं उभं राहू नये असं वाटणं मला पूर्ण समजतं. पण ते तिला तसंच सांगा ना! तुम्ही तिला सांगताय की ३८ मुलांचं मत वाईट आहे. ती हुशार आहे, ती त्या ३८ जणांना खोडून काढते आणि तुम्हाला वाटतं ती तुम्हाला खोडतेय. घरात दोघं तक्त्यावर भांडताय आणि १९९४ बद्दल कुणी बोलत नाही. तिला हे माहीत तरी आहे का? पत्रावरून मला वाटतं, नाही.

म्हणून तिला समजावायचं काम मी घेणार नाही. मला तिची बाजू जास्त पटते.

कर्जाचंही बोलते. दोन वर्षांचे सात लाख, वर व्याज. डेटा सायन्सच्या माहितीपत्रकात जे विषय ठळक छापलेत, त्यांतला निम्मा भाग म्हणजे स्टॅटिस्टिक्सच आहे, नवे कपडे घालून. तुमच्या लेकीनं पाया घातलाय, त्यावर मजला चढवायचा की बाहेरून रंग द्यायचा एवढाच प्रश्न आहे. आणि 'सरकारी म्हणजे सुमार' हे तुम्ही दोनदा लिहिलंय म्हणून सांगते: कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज या नामवंत संशोधकांकडे डॉक्टरेट करून आले आणि १९५३ साली पुणे विद्यापीठातल्या संख्याशास्त्र (म्हणजे स्टॅटिस्टिक्स) विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी तो विभाग उभा केला. १९७४ साली पद्मभूषण मिळालं. एका माणसावरून आजचा विभाग ठरत नाही, हे मलाही कळतं. पण खासगी माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोवरून तर मुळीच नाही.

पुढच्या परीक्षांचं तिला माहीत असेलच: आयआयटीसाठी जॅम, कोलकात्याच्या आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची) प्रवेश परीक्षा, नंतर नेट-सेट, आणि यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस, म्हणजे केंद्र सरकारची संख्याशास्त्रातली सेवा, जी आपल्या गावागावांतल्या मुलांना ठाऊकच नसते.

आता एक करा. प्रवेशाची मुदत संपायच्या आत एक दिवस रजा काढा आणि दोघं विद्यापीठात जा. तिला विभागात एकटीला जाऊ द्या. दुसऱ्या वर्षाची चार मुलं-मुली गाठून तिनं विचारावं की मागच्या सत्रात कुठला विषय कुणी शिकवला, किती पूर्ण झाला, मागच्या दोन वर्षांचे पेपर कुठं मिळतील, गेल्या वर्षीची मुलं कुठं लागली. परवानगी मिळाली तर एका तासाला मागं बसून यावं. प्रश्न तिनं ठरवायचे, तक्ता तिनं करायचा, आणि यावेळी जे बोलले नाहीत त्यांचाही रकाना ठेवायचा.

तोवर तुम्ही परीक्षा विभागाकडे एक चक्कर मारून या. ती खिडकी अजून तिथंच आहे का, बघा. मग गेटबाहेर चहा घ्या आणि परतीच्या एसटीत तिला त्या सहा खेपांचं सांगा. चार-पाच तासांचा रस्ता आहे म्हणता, वेळ पुरेल.

पुढचं पत्र तिनं लिहावं. पेन्सिलीनं लिहिलं तरी चालेल, फक्त खोडू नये.