बॅटरी भरलेली, तरी मिक्सर लावला की इन्व्हर्टर का पडतो?

प्रश्न : सर, आमची दिंडी नाथांच्या पालखीसोबत पैठणहून पंढरपूरला जाते. यंदा ट्रॉलीवर पत्र्याची खोली बांधून घेतली. म्हातारी माणसं आत झोपतात, स्वयंपाकाचं सामान मागे. १२ व्होल्टचा १५०० वॅटचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत. बॅटऱ्या पुढे हूकजवळच्या पेटीत, इन्व्हर्टर मागच्या भिंतीला, मध्ये तेरा फूट. लाइट, साउंड चालतं. पण साउंड चालू असताना मिक्सर लावला की इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो. दुकानदाराने १६ एमएमची केबल दिली, इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत मात्र ‘१/० एडब्ल्यूजी’ लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो, आणखी एक बॅटरी टाका. काय करावं?
— एक वारकरी, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : माउली, तिसरी बॅटरी घेऊ नका. आधी घरातला मल्टिमीटर काढा, डीसी व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी इन्व्हर्टरच्या प्लसवर टेकवा (पिनची वायर पुरणार नाही, साध्या वायरचा तुकडा जोडा) आणि कुणाला तरी मिक्सर लावायला सांगा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेतच गेले. मायनसचंही तसंच मोजा आणि दोन्हींची बेरीज करा. माझ्या हिशेबाने ती एक व्होल्टच्या वर जाईल.

हिशेब असा. साउंड, मिक्सर, लाइट मिळून १२०० वॅट धरू. इन्व्हर्टरची स्वतःची घट धरली आणि लोडवर बॅटरी ११ व्होल्टपर्यंत बसली, तर केबलमधून १३० अँपिअरच्या आसपास करंट जातो. तेरा फूट म्हणजे चार मीटर. पण करंट जातो तसा परतही येतो, म्हणून लांबी आठ मीटर धरायची. इथेच बहुतेकांचं चुकतं. तुमची १६ एमएम म्हणजे १६ चौरस मिलिमीटर छेदाची केबल. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे ०.०१७५ ओहम रोध असतो. त्याला आठने गुणा, १६ ने भागा, १३० ने गुणा : १.१४ व्होल्ट. म्हणजे बॅटरीवर साडेअकरा असले तरी इन्व्हर्टरला दिसतात १०.४. बरेच इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास पुरवठा तोडतात. शिवाय जवळपास दीडशे वॅट नुसती केबल तापवण्यात जातात, तेही माणसं झोपतात त्या खोलीत. इन्व्हर्टर बंद पडण्यापेक्षा मला हे तापणं जास्त गंभीर वाटतं.

एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं अमेरिकन माप. पुस्तिकेतला १/० म्हणजे साधारण ५३ चौरस मिलिमीटर. दुकानात त्याच्या जवळची ५० एमएम मिळते. पण तीसुद्धा तेरा फूट टाकली तर ०.३६ व्होल्ट खाईल. म्हणून मी तुमच्या जागी इन्व्हर्टरच पुढच्या भिंतीवर आणला असता. मग केबल एका बाजूने चार फूट पुरते, घट ०.११ वर येते आणि पैसेही वाचतात. मागे न्यायची ती २३० व्होल्टची लाइन. तेवढ्याच लोडला तिथे पाच-सहा अँपिअर, २.५ एमएमची वायर भरपूर झाली. फक्त इन्व्हर्टर बॅटरीच्या पेटीत ठेवू नका. चार्जिंगला ट्युब्युलर बॅटरी हायड्रोजन सोडते, तो ठिणगीने पेटतो. मध्ये पत्रा हवा आणि पेटीची हवा बाहेर निघायला हवी, खोलीत नाही.

केबल घेताना डोळे उघडे ठेवा. वेल्डिंग केबल स्वस्त पडते, पण ती तांब्याची मिळते तशी अ‍ॅल्युमिनियमचीही. एक तार ब्लेडने खरवडून बघा. वरून पांढरी, आत लाल निघाली तर कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, चांगलं आहे. वरून लाल, आत पांढरी निघाली तर परत करा.

थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, हातोडीने ठोकून बसवू देऊ नका. हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन असलेल्याकडे जा. ट्रॉलीच्या धक्क्यांनी ठोकलेलं थिंबल ढिलं होतं आणि तापतं. चासीला (ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्याला) मायनस समजून एकच केबल ओढू नका, दोन्ही ओढा. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (रबराची कडी) घाला, म्हणजे कडेने केबल कापली जाणार नाही. बॅटऱ्या समांतर असतील तर प्लस एकीचा आणि मायनस दुसरीचा घ्या, म्हणजे दोघी सारख्या दमतात. मधले जोडही ५० एमएमचेच.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात २०० अँपिअरचा एएनएल फ्यूज (जास्त करंटचा, बोल्टने बसणारा) लावाच. तो इन्व्हर्टरसाठी नसून केबलसाठी असतो. म्हणून केबल कंपनीचा तक्ता पाहा : आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीच्या उन्हात ५० एमएमला २०० अँपिअर पेलत नसतील, तर ७० घ्या.

काम झाल्यावर तीच दोन मोजमापं पुन्हा घ्या. इन्व्हर्टर पुढे आणूनही बेरीज पाव व्होल्टच्या वर आली तर दोष केबलचा नाही, थिंबल आणि नट तपासा.