वाचकांचे प्रश्न: दगडावर चढणारी पहिली रिमोट गाडी

प्रश्न: आदरणीय मॅडम, मी साताऱ्यात मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दगडधोंड्यांवर हळूहळू चढणारी रिमोट कंट्रोल गाडी, म्हणजे रॉक क्रॉलर, मला स्वतः जोडायची आहे. सुट्टीत काम करून २५ हजार रुपये साठवलेत. मित्र म्हणतो, तयार गाडी घे, ब्रशलेस मोटर टाक, काम झालं. त्याच्याकडे तशी एक आहे, पण यवतेश्वरच्या वाटेवर ती सारखी उलटते. मी काय घेऊ? आणि लेथवर स्वतः काही बनवता येईल का?
(एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर: लेथचं वाचून फार बरं वाटलं. त्याकडे येतेच, आधी पैशांचं बोलू.

ब्रशलेसवर, म्हणजे आत घासणारे कार्बनचे ब्रश नसलेल्या मोटरवर, आत्ता एक रुपयाही घालू नकोस. पुढचं चाक धोंड्याच्या धारेवर टेकवायचं, गाडी तिथेच धरून ठेवायची आणि मग बोटभर पुढे न्यायची, हे क्रॉलरचं काम. त्याला ५४० मापाची ब्रशची मोटर, ३५ टर्नची, उत्तम. आर्मेचरवर वेढे जास्त तितके फेरे कमी, आणि हळू चालवताना ताबा चांगला. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी मंद गतीला अडखळते. चढावर तसा एक झटका बसला की गाडी मागे कोलमडते. तुझ्या मित्राचं बहुधा हेच होत असावं, शिवाय त्याच्या गाडीचं वजन वर असेल. स्पीड कंट्रोलर घेताना त्याला ‘ड्रॅग ब्रेक’ आहे ना, हे नक्की विचार. ट्रिगर सोडला की गाडी उतारावर जागच्या जागी थांबली पाहिजे.

पैसे घाल सर्व्होवर, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर, आणि टायरवर. पुढचं चाक दोन दगडांत अडकलं की ते वळवायचा सगळा भार सर्व्होवर येतो. धातूच्या गिअरचा, निदान २० किलो-सेंटिमीटर ताकदीचा घे. नवख्यांना छळणारी एक गोष्ट सांगते. चाक अडकलं की गाडी क्षणभर मरते आणि परत जिवंत होते. मुलं रिमोट बदलतात, रिसीव्हर बदलतात. खरं कारण असं की अडकलेला सर्व्हो खूप करंट ओढतो, रिसीव्हरला मिळणारं व्होल्टेज पडतं आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा सर्व्होला थेट बॅटरीवरून वेगळा बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज ठरावीक पातळीवर आणून देणारं छोटं सर्किट, दे आणि त्याचं व्होल्टेज सर्व्होवर लिहिलेल्या मर्यादेत ठेव.

टायर १.९ इंची रिमचे, मऊ रबराचे, आत फोम असलेले. अंगठ्याने सहज दबले पाहिजेत. कडक रबर आपल्या काळ्या कातळावर, विशेषतः धूळ किंवा शेवाळ असेल तिथे, नुसतं घसरतं.

राहिली चासी. अ‍ॅक्शिअल आणि ट्रॅक्सस या कंपन्यांच्या एकास दहा मापाच्या गाड्या इथे येईपर्यंत तुझ्या रकमेच्या पुढे जातात. पण अ‍ॅक्शिअलच्या एससीएक्स१० टू या गाडीचं ३१३ मिलिमीटरचं चाकांमधलं अंतर इतकं रुळलंय की त्याच धर्तीच्या सुट्या चासी, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स मिळतात. तसा सांगाडा घे. पुढे मोडतोड झाली तर भागही मिळतील. डब्ल्यूपीएल कंपनीच्या एकास सोळा मापाच्या गाड्या स्वस्त आहेत, हात बसायला वाईट नाहीत, पण तुला शिकायचंय तेवढं त्या शिकवणार नाहीत.

आता लेथ. मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवला, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. क्रॉलरला वजन हवं असतं, पण अ‍ॅक्सलच्या पातळीला, आणि पुढे जास्त. म्हणून पुढच्या रिमच्या आत बसतील अशी दोन पितळी कडी कर. पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड, म्हणून छोट्या जागेत पुष्कळ वजन मावतं. आधी व्हर्निअरने रिमचा आतला व्यास घे, मग चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नकलपासून, म्हणजे चाकाला धरून वळणाऱ्या भागापासून, किती जागा सुटते ते बघ. ही जागा न बघता कडं केलंस तर ते वळणावर घासणार. कापताना टूलचा टॉप रेक, म्हणजे धारेमागच्या वरच्या पृष्ठाचा उतार, शून्य ठेव. स्टीलसाठी धार लावलेलं टूल पितळात घुसतं आणि जॉब ओढतं. कूलंट नको, गॉगल मात्र हवाच, कारण पितळाचा चुरा सुईसारखा उडतो. दोन्ही कडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून सारखी कर.

त्याच काट्यावर गाडीही तोल. पुढची चाकं काट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर. बॅटरी बसवून एकूण वजनाच्या साधारण ६० टक्के पुढे आलं की चढावर गाडी नाक वर करत नाही. मग फळीवर आडवी ठेवून फळी हळूहळू उचल आणि गाडी कुठल्या कोनाला कलंडते ते कंपासमधल्या कोनमापकाने बघ. बॅटरी खाली सरकवून, वरची बॉडी हलकी करून तेच पुन्हा मोज. कोन वाढताना बघण्यात जो आनंद आहे तो तयार गाडीत कुठून मिळणार!

जोडणीत घाई नको. चांगल्या पोलादाच्या १.५, २ आणि २.५ मिलिमीटरच्या एलन की घे, कारण हलक्या कीने स्क्रूची डोकी गोल होतात. प्लास्टिकमधला स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरव, जुन्या आट्यात ‘टक’ करून बसला की मग आवळ. निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव, फक्त धातूत धातू जातो तिथे लाव, प्लास्टिकला लागलं तर तडे जाऊ शकतात. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर गिअर (त्याने फिरणारा मोठा) यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी दाबून मोटर आवळ, मग गिअर फिरवून पट्टी काढ. तिच्यावर दातांच्या घड्या उमटाव्यात, ती फाटू नये. आणि सपाट जमिनीवर वळताना टायर घासले तर घाबरू नकोस. दोन्ही अ‍ॅक्सल लॉक असतात, डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं, म्हणून गाडी मोठा वळसा घेते.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा अशा गाडीची लिथियम बॅटरी रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपतो. मला भीती वाटते. ती बरोबर आहे का?
(एक आई, मिरज)

उत्तर: ताई, अगदी बरोबर आहे. ही सवय आजच मोडा. ही बॅटरी माणूस जागा असताना, समोर बसूनच चार्ज करायची. फरशीवर ठेवा, गादी, पडदे, लाकडी कपाट यांपासून लांब. चार्जर बॅलन्सचा हवा, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा सांभाळणारा. दोन सेलची बॅटरी ८.४ व्होल्टला पूर्ण भरते. करंट तिच्या क्षमतेइतकाच ठेवायला सांगा, ५००० एमएएचला ५ अँपिअर. गाडी चालवताना ६.६ व्होल्टच्या खाली उतरवू नये, आणि दोन-चार दिवस वापरायची नसेल तर ७.६ व्होल्टवर ठेवावी. ती जराही फुगलेली दिसली, किंवा दगडावर आपटून चेपली असेल, तर पुन्हा चार्ज करायची नाही. टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. मुलाला रागावू नका, व्होल्टेज वहीत लिहायला लावा. पोरं आकड्यांचं ऐकतात.

प्रश्न: कास पठारावर क्रॉलर चालवायला गेलो तर चालेल का?
(एक वाचक, कराड)

उत्तर: नाही. परवानगीची वाट शोधूही नका. जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो आणि त्यातच ती इवलीशी रोपं जगतात. चार चाकांच्या मऊ टायरनेही ती उखडतात. पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव २०१२ साली जागतिक वारशात गेलं ते याच जिवांमुळे. अजिंक्यताऱ्याच्या तटाचे दगडही चढण्यासाठी नाहीत. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर माहुलीच्या संगमाजवळ, देवळं आणि घाट सोडून, नदीकाठी गोटे सापडतील. नाहीतर घराच्या अंगणात ओबडधोबड दगडांचा ढीग रचा आणि दर रविवारी त्याची मांडणी बदला.