पाय कुठे, छाती कुठे?

प्रश्न : आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर बाराव्या दिवशी डावी पोटरी सुजली, दुखत पण होती. ऑपरेशन झालंय म्हणजे सूज येणारच म्हणून आम्ही सोडून दिलं. दोन दिवसांनी एकदम धाप लागली, अ‍ॅडमिट केलं तर म्हणे पायातली गुठळी फुफ्फुसात गेलीय! आता घरी आहे, दम लागत नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती आता बंद केली तर चालेल का? आणि गुठळी एवढी वर गेली कशी?

उत्तर : नाही चालणार, हे आधी सांगतो. 'रक्त पातळ करायची गोळी' आम्ही डॉक्टरपण म्हणतो, पण तिने रक्त पातळ होत नाही आणि गुठळी विरघळत पण नाही. ती नवीन गुठळी होऊ देत नाही, जुनी वाढू देत नाही, बस्स. जुनी विरघळवायचं काम शरीर स्वतःच करतं, आठवडे-महिने लावून. म्हणून निदान 3 महिने तरी गोळी, पुढचं तुमचे डॉक्टर ठरवतील.

आता प्रवास. पायातलं रक्त वर चढतं ते बरंचसं पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर, चालणं थांबलं की ते शिरेत रेंगाळतं, त्यात ऑपरेशननंतर रक्त जरा जास्तच गोठायला बघतं. गुठळी सुटली की मांडी, पोट, हृदयाची उजवी बाजू, सगळी वाट रुंदच होत जाते त्यामुळे मधे कुठे अडकत नाही, पण पुढे फुफ्फुसात रक्तवाहिन्यांना फाटे फुटून त्या बारीक होत जातात आणि तिथे ती रुतते. विर्खो नावाच्या जर्मन डॉक्टरने 1840च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं.

आईंना घरात चालू द्या, पोटरी मात्र चोळू नका. दुखलं म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने देऊ नका, दोन्ही मिळून रक्तस्राव व्हायची भीती असते. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा डोक्यावर पडल्या तर लगेच दाखवा. परत धाप लागली, खोल श्वास घेताना छातीत टोचलं, थुंकीत रक्त आलं तर सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल.

आणि हो, दात काढायचा असला तरी डेंटिस्टला आधी सांगा ही गोळी चालू आहे म्हणून.