दृष्टिभ्रम की दृष्टिभास?

परभणी जिल्ह्यातील एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, आधुनिक भौमितिक चित्रांविषयी मुलांसाठी मराठीत टिपण लिहिताना ‘ऑप्टिकल इल्यूजन’ला दृष्टिभ्रम म्हणावे की दृष्टिभास, आणि दोन्ही शब्द प्रचारात असताना निवड कशाच्या आधारे करावी.

माझा कौल दृष्टिभासाला आहे. त्याचे कारण कोशापेक्षा आपल्या रोजच्या बोलण्यात अधिक स्वच्छ सापडते. आपण ‘भ्रमाचा भोपळा फुटला’ म्हणतो. भासाचा भोपळा फुटल्याचे कोणी म्हणत नाही. भ्रम हा समजुतीतला दोष असल्यामुळे खरे कळले की तो उरत नाही. भास मात्र खरे कळल्यावरही टिकू शकतो. वैशाखात बीडहून अंबाजोगाईकडे निघालात, तर दुपारच्या उन्हात डांबरी रस्त्यावर पुढे पाणी चकाकताना दिसते. ते पाणी नव्हे हे गाडी चालवणाऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणून तो वेग कमी करत नाही, पण पाणी दिसायचे काही थांबत नाही.

हा भेद वेदान्त्यांनी फार पूर्वी नेमका टिपला आहे. दोरीवर साप दिसला आणि दिवा आणल्यावर नाहीसा झाला, तर तो निरुपाधिक भ्रम, म्हणजे जवळच्या दुसऱ्या वस्तूच्या प्रभावाशिवाय झालेला. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक, तो मुळात पांढरा आहे हे माहीत असूनही, फूल जवळ असेपर्यंत लालच दिसतो, तो सोपाधिक भ्रम, म्हणजे जवळच्या वस्तूच्या प्रभावाने होणारा. शास्त्राने दोन्हींना भ्रमच म्हटले आहे, हा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे. परंतु आजच्या मराठीत ‘भ्रम’ या शब्दाला ‘भ्रमिष्ट’, ‘भ्रमनिरास’ यांची संगत चिकटली आहे, आणि स्फटिकाच्या जातीच्या अनुभवासाठी ‘भास’ हा निर्दोष शब्द हाताशी आहे, तो वापरावा.

आता चित्रांकडे येऊ. ब्रिजेट रायली या इंग्लिश चित्रकर्तीचे 1961 सालचे ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ घ्या. त्यात काळ्या-पांढऱ्या चौकोनांची उंची सर्वत्र सारखी आहे; रुंदी मात्र एका उभ्या रेषेकडे जाताना कमी कमी होत जाते आणि ती रेषा ओलांडल्यावर पुन्हा वाढते. एवढ्याने सपाट पृष्ठभाग आत दुमडल्यासारखा वाटतो. मुलांना पट्टी देऊन चौकोन मोजायला लावा: मोजमाप कळेल, पृष्ठभाग सपाट असल्याची खात्री पटेल, आणि तरीही तो दुमडलेलाच दिसेल. चित्रकर्तीने काहीही लपवलेले नाही, म्हणून येथे फसवणूक नाही. याच कारणासाठी ‘नजरबंदी’ हा गारुड्याच्या खेळातला सुंदर शब्दही मला नाकारावा लागतो. 1965 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अशा चित्रांचे जे गाजलेले प्रदर्शन भरले, त्याचे नाव होते ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’, म्हणजे प्रतिसाद देणारा डोळा. त्या नावातही डोळा फसत नाही, तो काम करतो. अशा चित्रांच्या चळवळीचे ‘ऑप आर्ट’ (‘ऑप्टिकल आर्ट’चे लघुरूप) हे नाव मात्र जसेच्या तसे ठेवावे, कारण ते विशेषनामासारखे रुळले आहे.

डोळ्याला चकित करणारे सगळेच भास नसते, हेही टिपणात यावे. पैठणीच्या धूपछाव पोतात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. पदर हलला की कधी एक, कधी दुसरा रंग वर येतो. तेथे डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशच बदलतो, म्हणून तो भास नव्हे. याउलट चित्रकार आणि कलाशिक्षक योझेफ आल्बर्स यांनी 1963 च्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या पुस्तकात दाखवले, की एकाच रंगाचे दोन तुकडे वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर ठेवले तर ते दोन रंगांचे वाटतात, हा खरा भास. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील स्तंभावर चार हरणांना मिळून एकच डोके कोरले आहे, आणि ज्या धडाकडे पाहावे त्याचेच ते वाटते. त्याला मी दृश्य श्लेष म्हणेन, कारण एकाच शब्दाने अनेक अर्थ तोलावेत तसे ते डोके चार देह तोलते.

बाईंनी ‘जॉमेट्रिक ॲब्स्ट्रॅक्शन’ (वस्तूंच्या रूपाऐवजी केवळ भौमितिक आकारांनी रचलेली चित्रकला) याबद्दलही विचारले आहे. त्याला ‘निराकार’ म्हणू नये; चौकोन आणि वर्तुळ हे आकारच आहेत. ‘अमूर्तन’ ही क्रिया आहे, मूर्तातून अमूर्ताकडे जाण्याची, आणि झाडाची चित्रे काढत काढत आडव्या-उभ्या रेषांपर्यंत पोहोचलेल्या डच चित्रकार मोंद्रियानला ती शोभते. चित्रकार मालेविचचा 1915 चा ‘काळा चौकोन’ मात्र कशाचेही रूप गाळून उरलेला नाही. दोघांनाही सामावणारा शब्द हवा असेल तर ‘भौमितिक अमूर्त चित्रकला’ हा लांबला तरी बरोबर आहे.

लेखनाविषयी एक सूचना. ‘दृष्टी’ एकटा लिहिताना दीर्घ, पण समासात पहिले पद असल्यामुळे ‘दृष्टिभास’ ऱ्हस्वच लिहावा. ‘दृक्’ पासून शब्द करायचा असेल तर संधीने ‘दृग्भास’ होतो, ‘दृक्भास’ नव्हे. मुलांसाठी मात्र ‘दृष्टिभास’ उच्चाराला सोपा आहे.