वाचकांचे प्रश्न : बेटांच्या नदीत कयाक

प्रश्न : आम्ही तिघे संथ पाण्यात कयाक बऱ्यापैकी चालवतो. आता बेटाबेटांतून वाहणाऱ्या रुंद नदीत एक दिवस काढायचा आहे. बेट आले की डावा फाटा घ्यायचा की उजवा, हे कशावरून ठरवायचे?

उत्तर : आधी केव्हा ठरवायचे ते सांगतो, कारण तेच जास्त महत्त्वाचे आहे. निर्णय बेटाच्या शंभरेक मीटर आधीच झाला पाहिजे. बेटाचे वरच्या अंगाचे टोक ही अशा नदीतली फार धोक्याची जागा. प्रवाह तिथे दुभंगतो आणि पुरात वाहून आलेली झाडे, ओंडके तिथेच अडकून राहतात. पाणी त्या फांद्यांमधून आरपार जाते. बोट आणि माणूस अडकतात आणि मागून येणारे पाणी त्यांना दाबून धरते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो, त्यामुळे हाताच्या जोरावर सुटता येईल असे समजू नका. डावीकडे की उजवीकडे, अशा घोळात टोकाकडे वाहत जाणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

जिकडे जास्त पाणी वळते तो फाटा घ्या. रुंदी पाहून फसू नका; रुंद फाटा पुष्कळदा घोट्याएवढा उथळ असतो. फेस आणि पालापाचोळ्याच्या रेषा मुख्य धारेबरोबर जातात, त्यांच्यावर नजर ठेवा. बारीक, चुळबुळणाऱ्या लाटा म्हणजे खाली वाळू किंवा गोटे. गडद, सलग पृष्ठभाग म्हणजे बहुधा खोली. पुढे पाण्यावर गुळगुळीत जीभ दिसली आणि तिचे टोक खालच्या अंगाला असेल, तर ती वाट. टोक तुमच्याकडे असेल तर त्या जागी दगड आहे. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल आणि वेगवान असते, पण काठ खचून आडवी झालेली झाडेही तिथेच असतात. म्हणून मधोमध किंवा किंचित आतल्या बाजूने जा.

अरुंद फाट्याचा मोह मोठा असतो. सावली, शांतता, पक्षी सगळे तिथे असते. जरूर जा, पण एकच झाड पडले तरी असा फाटा काठापासून काठापर्यंत बंद होतो. वळणापलीकडचे दिसत नसेल तर आधी काठाला लागा, उतरून चालत पाहून या. उपग्रहचित्रावर विसंबू नका. ते कुठल्या महिन्यातले आहे ते बघा. एका पुरात वाळूचे दांडे जागा बदलतात.

प्रश्न : एका बेटावरून समोरच्या बेटाकडे निघालो की आम्ही पार खाली वाहत जातो. वल्हे जोरात मारूनही उपयोग होत नाही.

उत्तर : तुम्ही बोटीचे नाक समोरच्या बेटाकडे धरता, म्हणून. नाक प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला करा आणि जिकडे जायचे तिकडे साधारण 30 अंश कलते ठेवा. धार जोराची असेल तर कोन आणखी कमी. मग पुढे वल्हवत राहा. बोट आडवी सरकत पलीकडे जाते. नाक खालच्या अंगाला वळू लागले की खालच्या बाजूचे वल्हे लांब, रुंद मारा. बोटीची वरच्या अंगाची, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूची कड थोडी उचललेली हवी. ती दबली की पाणी तिच्यावर चढते आणि बोट वरच्या अंगाला उलटते.

बेटाच्या खालच्या टोकामागे पाणी संथ असते किंवा उलटे फिरते. विसाव्याची जागा तीच. संथ पाणी आणि धार यांच्यातली रेषा रेंगाळत ओलांडू नका. वेगाने जा आणि बोट ज्या बाजूला वळते त्याच बाजूला कला.

प्रश्न : दिवसात किती अंतर धरावे?

उत्तर : संथ पाण्यात तुमचा वेग ताशी 5 किलोमीटर आणि प्रवाह 3 चा धरा. 6 किलोमीटर खाली जायला पाऊण तास, तेवढेच परत यायला तीन तास. म्हणून निघालेल्या जागीच परतायचे असेल तर सकाळी, अंगात जोर असताना, प्रवाहाविरुद्ध जा. चढताना मुख्य धार सोडून काठाजवळून, वळणाच्या आतून आणि बेटांच्या आडोशाने जा. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा उभ्या होतात, तेव्हा अंतर निम्मे करा.

प्रश्न : उलटलो तर?

उत्तर : लाइफ जॅकेट आधीपासून अंगावर, पट्टे आवळलेले. वल्हे सोडू नका, बोट धरा, पण तिच्या वरच्या अंगाला राहा. पाण्याने भरलेली बोट तुम्हाला दगडावर चिरडू शकते. पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि वर उचललेले. गुडघ्याहून खोल, वाहत्या पाण्यात उभे राहू नका. दगडांत पाऊल अडकले की प्रवाह माणसाला आडवे करतो. फांद्यांचा ढीग टाळता येणारच नसेल तर बोट सोडून पालथे व्हा, डोके पुढे करून जोरात पोहा आणि ढिगावर चढा. फांद्यांखाली जायचे नाही. तिघांत किमान एक जादा वल्हे, प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी, कोरडे कपडे ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

प्रश्न : जेवायला वाळूच्या दांड्यावर थांबलेले चालेल का?

उत्तर : चालेल, पण विणीच्या काळात नाही, नदीसुरय, टिटवीसारखे पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागले तर आल्या वाटेने परत फिरा. वर धरण असेल तर पाणी अचानक वाढू शकते. ओल्या रेषेपासून बोट चांगली वर ओढा, बांधा आणि पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवा. ती बुडू लागली की लगेच निघा.